नणंद एवढी रडत नाही

“नणंद एवढी रडेल का?” मुंबईच्या कुलकर्णी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर विचारलं. कॉल दुबईतल्या आमच्या डबिंग स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये लागला होता.

त्या आमच्या क्लायंट. फिल्म मराठीत करून घेणाऱ्या कंपनीच्या. संध्याकाळी फिल्म पाठवायची होती. मी काचेपलीकडे माइकसमोर बसले होते.

“सगळं खोटं वाटतंय. स्क्रिप्ट कुणी बदलली?”

“डायरेक्टरचा क्रिएटिव्ह निर्णय आहे, मॅडम,” आमचा मॅनेजर सावंत म्हणाला आणि त्याने वैशालीकडे हात केला.

वैशाली आमची डबिंग डायरेक्टर. पुण्याची. स्क्रिप्टवर सही तिचीच. नोकरी गेली की तिचा व्हिसा जाणार, आणि तिच्या व्हिसावर राहणारे नवरा आणि मुलगीही परत जाणार. इंटरनॅशनल सिटीतलं घर आवरायला लागणार.

फिल्म स्पॅनिश होती. दोन म्हाताऱ्या चाळीस वर्षं एका घरात राहतात. जोडप्यासारख्या नव्हे, जोडपंच. केस कापायचं दुकान चालवतात आणि दिवसभर भांडतात. एक मरते. तिचे भाचे अस्थी मागायला येतात, दुसरी देत नाही. बरंच हसू येतं, मधेच रडू.

दुसरीचा आवाज माझा. मी चौथी शिकलेली, वाचून बोलायला मला वेळ लागतो. म्हणून वैशाली ओळ सांगते, कानात मूळ बाईचा आवाज चालू असतो, आणि पडद्यावर तिचं तोंड हलतं तेवढ्यात मी ओळ संपवते. अशा एका तुकड्याला लूप म्हणतात. सात वर्षं हेच करतेय. सगळ्या म्हाताऱ्या माझ्याकडे येतात.

सावंत पहिल्याच दिवशी आला होता. “हबीबी, असलं नातं इथे गुन्हा आहे, आपल्याला या देशात राहायचंय. नणंद-भावजय करून टाका, खलास.”

“फिल्म भारतात दाखवायचीय,” वैशाली म्हणाली.

“स्टुडिओ तर दुबईत आहे ना?”

“मग मेलवर लिहून द्या.”

“लिहायचं काय त्यात? घरचीच माणसं आहोत आपण.”

झाल्या नणंद-भावजय. रडण्याच्या रेकॉर्डिंगला सावंत स्वतः समोर येऊन उभा राहिला. भावजय मेली आणि मी, तिची नणंद, तिच्या छातीवर पडून तीन मिनिटं रडले. मूळ बाई तेवढी रडते. कमी करता येत नाही, तोंड दिसतं. मला स्वतःला दोन नणंदा आहेत. मी मेले तर त्या आधी कपाटाच्या किल्ल्या विचारतील.

कॉलवर वैशाली खाली बघत होती. सावंतने सांगितलं होतं हे दाखवायला तिच्याकडे लेखी काहीच नव्हतं.

“मॅडम, मी बोलू?” मी माइकवर विचारलं. सावंत काचेतून हात हलवून मला गप्प करत होता.

“बोला आजी.”

“रडण्याचं कच्चं रेकॉर्डिंग लावायला सांगा. सुरुवातीपासून.”

फिल्म पास होईपर्यंत कच्चं रेकॉर्डिंग पुसत नाहीत. ओळीच्या आधी खोकलं, शिंकलं, शिवी दिली, सगळं त्यात राहतं. वैशालीने ते शोधून लावलं. माझाच आवाज आला.

“सावंत साहेब, तुम्ही समोर उभे राहून सांगताय म्हणून नणंद म्हणते. नणंद अशी रडत नाही. उद्या कुणी विचारलं तर या पोरीचं नाव पुढे करू नका.” मग खोकला. मग रडणं.

“सावंत?” कुलकर्णी मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, इथलं वातावरण जरा…”

“आम्ही विचारलं होतं तुम्हाला?” मग वैशालीला म्हणाल्या, “उद्या दुपारपर्यंत मूळ नातं परत हवंय. नाहीतर काम दुसरीकडे जाईल.”

एकोणतीस लूप परत करायचे होते. वैशालीने नव्या ओळीत ‘माझी जोडीदार’ लिहिलं होतं. मी म्हटलं, “केस कापणारी म्हातारी जोडीदार म्हणेल का गं? ‘माझी बायको’ म्हणू दे.”

“काकू, चालेल?”

“चाळीस वर्षं चाललंय त्यांचं.”

रडणं परत करावं लागलं नाही. ते आधीपासून बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला फिल्म गेली आणि पास झाली. यातून मी एवढंच शिकले, की तोंडी हुकूम देणारा साहेब आला तर त्याच्याशी माइकसमोर बोलावं.

मालकाने सावंतला शारजाच्या ऑफिसला पाठवलं, बढती देऊन. वैशालीचा व्हिसा दोन वर्षांसाठी वाढला. ती आणि मी अजून त्याच स्टुडिओत आहोत.