मामाचे बावीस मेसेज

मामाचं बाहेर काहीतरी आहे, ही बातमी आमच्याकडे तळमजल्यावरच्या काकूंनी आणली. पुरावा एकदम पक्का. दुपारी जेवण झालं की त्याच्या खिशातला बटणांचा फोन टिंग टिंग करत वीस-बावीस वेळा वाजतो आणि मामा घाईघाईने गच्चीकडे पळतो.

खरं म्हणजे मेसेज पाठवणारा मामाच. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आमच्या बिल्डिंगचीसुद्धा. बिघाड झाला की आमच्या कॉम्प्युटरवर लिफ्टच्या कंपनीचं पान उघडायचं, हवा तेवढा मजकूर निवडायचा आणि ब्राउझरच्या कोपऱ्यातलं मेसेज पाठवायचं बटण दाबून स्वतःच्याच नंबरवर धाडायचा. फोन साधा, म्हणून मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. तुकडे मागेपुढे पोचतात, म्हणून मामा प्रत्येकाला आधी आकडा घालतो. वर गच्चीत लिफ्टच्या मशीनपाशी काम करताना हात ग्रीसने काळे, तेव्हा पुढचा मेसेज हनुवटीने उघडतो. ती हनुवटी आणि त्याचं नेहमीचं "एकच मिनिट, तेही अर्धं" ही माझी सगळ्यात गाजलेली नक्कल. मामीला तर हसून ठसका लागतो.

गेल्या महिन्यात लिफ्ट चौथ्यांदा बंद पडली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नाकातून जाहीर केलं की चारपर्यंत चालू झाली नाही, तर उद्यापासून काम दुसऱ्या माणसाला. मामाचं वीस वर्षांचं काम. त्यातच सहाव्या मजल्यावरच्या बाई गुडघ्याचं ऑपरेशन करून आलेल्या, खाली खुर्चीत अडकून बसलेल्या. मामा मजकूर निवडत होता.

मला राहवेना. "मामा, कुठल्या जमान्यात आहेस? ते पान माझ्या फोनवर आहे, चित्रांसकट. मी वाचते, तू स्क्रू फिरव."

"लाव पैज, पोपटबाई. तुझा फोन कामाला आला तर मी उद्याच तसला घेतो. नाही आला तर महिनाभर माझी नक्कल बंद."

गच्चीवरची मशीनची खोली म्हणजे जाड भिंती आणि लोखंडी दार. मी ऐटीत फोन काढला. पान पांढरंफटक झालं आणि मधोमध एक गोल फिरायला लागला. नेटवर्क शून्य. खाली असतानाच पानाचा फोटो काढून ठेवावा, हे घरातल्या सगळ्यात हुशार व्यक्तीला, म्हणजे मला, सुचलं नव्हतं.

मामाचे मेसेज खाली असतानाच येऊन पडले होते. त्याने आपला फोन हत्यारांच्या पेटीवर टेकवला आणि हनुवटी चालवली. आठ, नऊ, अकरा. दहा गायब. मी घड्याळाकडे बघायला लागले. मामा मात्र शांतपणे खाली खाली गेला. दहावा मेसेज बाविसाव्याच्या मागे दडी मारून बसला होता. त्यात होतं: लिफ्टच्या दाराच्या कुलपाची तार काढा, पुसा, परत लावा. मामाने ती शर्टानेच पुसली.

चारला पाच मिनिटं कमी असताना बाई सहाव्या मजल्यावर पोचल्या. सेक्रेटरी म्हणाले, "झाली वाटतं." वर्गणी मागितल्यासारखा चेहरा होता त्यांचा.

पैज मी हरले. आज सव्विसावा दिवस, हनुवटी अगदी जागच्या जागी आहे. लिहिण्याबद्दल मात्र काही ठरलं नव्हतं.