हे पाणी कुणाचं?

एलमेर सुमागायसाय पहिल्यांदा आमच्या काउंटरवर आला तो नुसत्या मोज्यांवर. गमबूट बाहेर पायपुसण्यावर, हातात फॉइलने झाकलेली परात. केल्सोबर्न या आमच्या गावात गोठ्यावरची माणसं मोज्यांवरच आत येतात, त्यात नवल नाही. पण परात? बावीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या काउंटरवर बसतेय, लोक मला आजवर फक्त शिव्या आणून देत आलेत.

"मॅम, कॅप्टन कुठं राहतात?" त्यानं विचारलं.

"कसला कॅप्टन? रग्बीचा?"

"वस्तीचा. आमच्या फिलिपाइन्समध्ये दर वस्तीला एक असतो. दुकानाशेजारी घर. हाक मारली की अर्ध्या चड्डीत बाहेर येतो आणि काम करून देतो."

"अर्ध्या चड्डीतले इथं पुष्कळ आहेत. काम करून देणारा सापडला तर मलाही कळव बाबा."

काम असं होतं. एलमेरचं घर गल्लीच्या टोकाला. पाऊस झाला की चर भरून वाहायचा आणि गल्लीवर नडगीभर पाणी. सहाशे गाई सांभाळणाऱ्याला त्याचं काय? पण पुढच्या महिन्यात त्याच्या बाळाचा, एलजोसचा, बाप्तिस्मा होता आणि त्याला सासूबाई येणार होत्या. त्याच्या बायकोनं, जोसेलिननं, आईला सात वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हातारीचे गुडघे गेलेले, चाकांची खुर्ची.

"मॅम, त्या समुद्र ओलांडून येणार आणि शेवटच्या वीस पावलांत अडकणार?"

मी नकाशा पसरला. "हे बघ. पाणी येतं हायवेच्या पाइपातून, तो महामार्गवाल्यांचा. मग तुझ्या गल्लीच्या चरात उतरतं, तो आमचा. चर मिळतो ओढ्याला, आणि ओढ्यात विलोचं झाड आडवं पडलंय. ओढा प्रादेशिक परिषदेचा."

"मग हे पाणी कुणाचं?"

"तू कुठं उभा आहेस त्यावर."

त्यानं ते वहीत लिहून घेतलं बिचाऱ्यानं. "मग तुम्ही चर साफ कराल?"

"चर साफच आहे. तुंबलाय तो ओढा. आमचं नाही."

तो तासभर गाडी हाकत प्रादेशिक परिषदेत गेला. ते म्हणाले, हायवेच्या पाण्याच्या लोंढ्यानं झाड पडलं, त्यांना विचारा. महामार्गवाले म्हणाले, पाइप आमचा, पाणी आभाळाचं. एक ना धड, भाराभर चिंध्या! पण एलमेर हटला नाही. मंगळवारी त्याची सुट्टी. दर मंगळवारी मोज्यांवर हजर, दर वेळी नवी परात. नियमाप्रमाणे मला ती भेटवस्तूंच्या रजिस्टरात लिहावी लागे. 'नूडल्स, एक परात. कचेरीने उभ्या उभ्या संपवल्या.'

पाचव्या मंगळवारी त्यानं ओढ्याचं नावच काढलं नाही. "मॅम, तिन्ही कचेऱ्यांत मोठं पण मऊ मनाचं माणूस कोण?"

माझ्याही डोक्यात किडा वळवळला. मी नावं दिली. आमचा नगरसेवक ग्रॅहम, जो मेंढपाळ कुत्र्यांच्या शर्यतीत रडतो. प्रादेशिकचा स्टुअर्ट. महामार्गाची हेदर. त्याच विलोवरून चार वर्षं हे तिघं एकमेकांना पत्रं लिहीत होते, आणि प्रत्येक पत्राची सुरुवात 'आपले पत्र वाचून आश्चर्य वाटले' अशी.

आठवड्याभरात ग्रॅहम काउंटरवर धापा टाकत आला. "नोएलीन, मला एका बाळाचा धर्मपिता केलंय! मला!"

"देवाला मानतोस का तू?"

"आख्खं डुक्कर भाजणार आहेत गं!"

त्या गाढवाला कुठं ठाऊक की फिलिपिनो लोकांत धर्मपिता फोटोपुरता नसतो! पोराच्या घरावर काही आलं की पहिलं त्यानं धावायचं. म्हणून तर ते लोक गावच्या कारभाऱ्यालाच धरतात. मला ठाऊक होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.

बाप्तिस्म्याच्या रविवारी पहाटेपासून धो धो पाऊस. म्हातारी विमानतळावरून थेट चर्चमध्ये. मलाही आमंत्रण होतं. आणि वेदीपुढे मेणबत्त्या धरून तिघंही!

"तू इथं?" स्टुअर्ट म्हणाला.

"तूच इथं?" ग्रॅहम म्हणाला. हेदर नुसतीच लाल झाली.

फादरांनी विचारलं, या बाळाच्या आईबापाला मदत कराल? करतात काय, तिघंही म्हणाले, "करू."

मग सगळ्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. पलीकडे घर, डुक्कर आणि चाळीस पाहुणे. मध्ये गाडी बंद पडेल एवढं पाणी. जोसेलिन आईच्या गाडीचं दार धरून रडत होती.

"हे हायवेचं पाणी," ग्रॅहम म्हणाला.

"तुमच्या चरातलं आहे!" हेदर ओरडली.

"विलोला हात लावायला आमची लेखी परवानगी लागते," स्टुअर्ट म्हणाला.

"मग दे की!"

"आज रविवार आहे!"

म्हातारीनं काच खाली केली आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. एलमेर मान खाली घालून म्हणाला, "सासूबाई विचारतात, हे तिघं एलजोसचे धर्माचे आईबाप ना? मग बोलत काय बसलेत? आमच्याकडे खुर्ची उचलायला दोघं पुरतात."

मग ग्रॅहमनं बूट काढले. स्टुअर्टनं पॅन्ट दुमडली. हेदरनं एक सणसणीत शिवी हासडली आणि नव्या सँडलसकट पाण्यात उतरली. खुर्ची निघाली! म्हातारी वरून हुकूम सोडत होती आणि ग्रॅहमच्या टकलावर छत्री धरत होती. वीस पावलं झाली. जोसेलिननं पलीकडे आईला जी मिठी मारली ती सुटेचना.

जेवायच्या आधी स्टुअर्ट आपण होऊन ओढ्याकडे वळला. "परवानगी दिली. तोंडी. मलाच." एलमेरनं ट्रॅक्टरला साखळी लावून झाड ओढलं, आणि पाणी मुकाट्यानं आपल्या वाटेनं गेलं.

मी मात्र ताट घेऊन कोपऱ्यात फुगून बसले होते. एलमेर आला तशी बोललेच, "पाच मंगळवार तुझं ऐकलं मी. धर्ममाता हेदर होय?"

"मॅम, धर्ममाता कामाच्या माणसाला करतात. तुमच्याकडे काम कुठं होतं? तुमचं नुसतंच 'आमचं नाही'."

"मग मेल्या, येत कशाला होतास?"

"तुम्ही बसायला खुर्ची द्यायचात."

तेवढ्यात म्हातारीनं एलजोसला माझ्या मांडीत टाकलं आणि त्या कार्ट्यानं माझा चर्चसाठी घातलेला झगा पार भिजवला. एलमेर गंभीर चेहऱ्यानं वाकून बघायला लागला.

"मॅम, हे पाणी कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "माझंच आहे. फडकं आण."