बाबांच्या लॅपटॉपची मेमरी

लकवा आला तेव्हा बाबांना रिटायर होऊन दोनच वर्षं झाली होती. रामाकोन्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर पोरांकडून बाराखडी गिरवून घेतली, आणि आता त्यांचा उजवा हात मांडीवर पडून राहायचा. जीभही जड झालेली. काय म्हणतात ते फक्त मायला कळायचं, तेही अर्धं. डाव्या हातानं त्यांनी एकदा लिहून पाहिलं. आपलं वेडंवाकडं अक्षर बघून कागद फाडला आणि पेन्सिल पुन्हा हातात धरली नाही.

मी पांढुर्ण्याला एका कचेरीत कारकून होतो. दोघंही माझ्याकडे राहायला आले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. बहिणीचा नवरा मस्कतला नोकरीला होता, तो सुटीवर येताना त्याच्या ऑफिसनं मोडीत काढलेला लॅपटॉप घेऊन आला. जाडजूड, करडा, पेटीसारखा वर उघडणारा. डाव्या हाताच्या एका बोटानंही यात लिहिता येतं आणि अक्षर कधी बिघडत नाही, हे त्यानं बाबांना दाखवलं. बाबांनी तो मांडीवर ओढून घेतला. पण बटणांवर इंग्रजी अक्षरं होती, आणि बाबांचं इंग्रजी सहीपुरतं.

नागपूरला सीताबर्डीवर कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक माणूस सापडला. त्याच्याकडे मराठी लिहायचा प्रोग्राम फ्लॉपीवर होता. ती घरी आणून लावली, तर मशीननं मेमरी कमी पडते असं सांगून हात वर केले. मेमरीचं जास्तीचं कार्ड टाकलं की चालेल, असं तो पुढच्या खेपेला म्हणाला. मी त्याच्याकडून कार्ड घेतलं आणि पॅसेंजरनं परत आलो.

मशीनच्या पोटाखालचं झाकण स्क्रू काढून उघडलं, तर कार्ड खाचेपेक्षा बोटभर लांब. पुढच्या रविवारी बदलून आणलं. हे बसलं. बाबा उशीला टेकून बघत होते, माय भाकरी टाकायची सोडून दारात येऊन उभी राहिली. मी बटण दाबलं. पडद्यावर आकडे चढू लागले, मध्येच थांबले, तीनदा टीं-टीं झालं आणि पडदा काळा पडला. कार्ड काढलं की मशीन चालू, घातलं की बंद. संध्याकाळपर्यंत मी तेच करत राहिलो.

मग मस्कतला पत्र लिहिलं. तिकडून येणाऱ्या एका माणसाबरोबर तिसरं कार्ड आलं, त्याला अडीच महिने लागले. रोज कचेरीतून आलो की बाबा आधी माझ्या हाताकडे बघायचे. ते कार्ड खाचेत शिरेना, म्हणून पुन्हा नागपूर. त्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"कंपनी तेच हाय, पण हे पुढच्या मॉडेलचं हाय. याले नाही बसत."

"घासून बसवलं तर?"

"बसन. पण मशीन जाईन. तुम्ही कायले इतके चकरा मारून राहिले, दादा?"

मी कार्ड खिशात टाकून स्टेशनवर आलो. गाडी दोन तास लेट होती. बाकावर बसल्या बसल्या मला वाटलं, घरी जाऊच नये. प्रवासाचं काही नव्हतं. बाबांना तिसऱ्यांदा नाही म्हणायचं होतं, त्याचा थकवा होता. घरी येऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कूस बदलली.

आठवडाभरानं कचेरीतून आलो, तर माय म्हणाली, दुपारपासून ते टकटक करून राहिले. बाबांच्या शेजारी कोणाचं तरी पहिलीचं इंग्रजीचं पुस्तक उघडं होतं. एकेक अक्षर त्यात शोधून त्यांनी इंग्रजी लिपीत मराठी लिहिलं होतं, स्वतःच्याच नियमानं. पहिली ओळ मायसाठी होती: चहात साखर घाल. दुसरी माझ्यासाठी: तू थकला, आता नागपूरला जाऊ नको.

ते 'थकला' की 'ठकला', हे काही कळेना. त्या लिपीत दोन्ही सारखेच. मी विचारलं, यातलं कोणतं? बाबांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली, म्हणजे दोन्ही. त्यांच्या वाकड्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. मलाही आलं, आणि मग तिथंच खाली बसून मी रडलो.

दीड वर्ष ते लिहीत राहिले. बॅटरी कधीच मेली होती, लाइट असेल तोवरच चालायचं. लाइट गेली की बोट बटणावर ठेवून थांबायचे. जेवणाबद्दल लिहायचे, शाळेतल्या पोरांबद्दल, मायशी जुन्या भांडणाबद्दल. ते वाचायला मला वेळ लागायचा, कधी कंटाळाही यायचा. आलटून पालटून दोनच फ्लॉप्या होत्या, म्हणून जुनं पुसून त्यावर नवं ठेवलं. त्याची आता हळहळ वाटते.

दुसऱ्या झटक्यात बाबा गेले. मशीन चांगलं चालू होतं. तेराव्या दिवशी माय म्हणाली, "ठेवून दे ते." मी वायर गुंडाळली आणि ठेवून दिलं.