ओढ्याकाठचं गवत
ओल्या गवताचा वास आला की मला आमच्या घरामागे शेणाच्या ढिगाजवळ मरून पडलेली म्हैस आठवते. गाभण होती. गुरांच्या डॉक्टरांनी तिचं यकृत कापलं, तर आतून पानांसारखे चपटे, राखाडी किडे बाहेर आले. “हे आले कुठून?” वडिलांनी विचारलं. डॉक्टर आम्हाला ओढ्यावर घेऊन गेले. पाण्यातून नखाएवढी गोगलगाय उचलून त्यांनी तिचं टोक वर धरलं. “बघा, तोंड उजवीकडं, आणि तोंडावर झाकण नाही. तुम्ही खाता त्या मोठीला झाकण असतं. त्या किड्यांची पिल्लं हिच्या पोटात वाढतात, मग बाहेर पडून काठच्या गवताला चिकटतात.” वडील वळले. “इथलं गवत कोन आनत होता?” म्हैस गाभण म्हणून रोज तिथला हिरवा भारा मीच कापून आणायची. मी आईच्या मागे सरले. तेवढ्यात आई म्हणाली, “मीच आनत होते. मला काय म्हाईत होतं?” त्या दिवसापासून वडील तिला पाहुण्यांसमोरसुद्धा ‘म्हस खाल्लीस’ म्हणून हिणवत राहिले. ती खाली मान घालून ऐकायची. गेल्या वर्षी आई गेली. वडील अजून तेच बोलतात आणि मी अजून गप्पच बसते.