सालोमत खोलाचे सोन्याचे दात

कोकंद शहराच्या त्या मोहल्ल्यात सालोमत खोलाचं घर विचारलं की कोणी गल्लीचं नाव सांगत नसे. "सोन्याचे दात ना? तुतीच्या झाडापाशी उजवीकडे वळा," की झालं. खोला म्हणजे मावशी, आणि ती अख्ख्या मोहल्ल्याचीच मावशी होती. लग्न ठरलेल्या मुलींसाठी गाद्या-रजया शिवणं हा तिचा धंदा. माझ्या रजईखाली भांडणंसुद्धा ऊबदार होतात, असं ती सांगायची. सांगताना मात्र डोईच्या रुमालाचं टोक तोंडावर धरायची. बायका म्हणत, केवढी ही मर्यादा! तोंडात एवढं सोनं, पण मिरवणं म्हणून नाही.

मिरवायचं खातं नवऱ्याकडे होतं. तुर्गुनबॉय सरकीच्या तेलाच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला, आवाज कारखान्याच्या भोंग्याचा. जगातला कुठलाही विषय तो चार वाक्यांत बायकोच्या दातांवर आणून सोडी. पहिली मुलगी झाली तेव्हा त्याने आपल्या आईचं सोन्याचं कडं वितळवून बायकोच्या वरच्या सहा दातांवर टोप्या चढवल्या होत्या. दात चांगले धडधाकट होते, पण तेव्हा कोकंदात धडधाकट दातांवरच सोनं चढवायची हौस होती.

"माझ्या आईचं कडं आहे ते," तो पाहुण्यांना सांगे. "ओयिसी, जरा हसून दाखव."

ओयिसी म्हणजे पोरांची आई. तीही त्याचं नाव न घेता दादासी म्हणायची, पोरांचे बाप. "सासूबाई गेल्या त्या थेट माझ्या तोंडात येऊन बसल्या," ती म्हणायची. "म्हणून तर मी उलटून बोलत नाही." पाहुणे हसत, आणि रुमालाचं टोक पुन्हा वर जाई.

खरी गोष्ट अशी की त्या तोंडात सासूबाई मुळी नव्हत्याच. जुना देश मोडून नवा झाला, कारखाने बंद पडायला लागले, त्या काळातल्या एका वाईट हिवाळ्यात खोलाने सहाही टोप्या गुपचूप उतरवून विकल्या होत्या आणि त्या जागी पोलादाच्या, वरून सोनेरी मुलामा दिलेल्या, बसवून घेतल्या होत्या. हे दोघांनाच ठाऊक होतं. एक ती, आणि दुसरा दातांचा डॉक्टर अब्दुवाली. तो तुर्गुनबॉयचा शाळेपासूनचा दोस्त. खोलाने त्याला भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. त्याने ती इतकी पाळली, की तुर्गुनबॉय त्याच्यासमोर दातांचं कौतुक करी तेव्हा तो बिचारा मान खाली घालून चहा ढवळत बसे. चहात साखर नसली तरी ढवळे.

यंदा जर्दाळू पिकायच्या सुमारास खोलाचं डोकं दुखायला लागलं. आधी सकाळी, मग दिवसभर. मग डोळ्यांच्या कडेचं दिसेना. एकदा तर तिने स्वतःची बाहीच एका नवरीच्या रजईला शिवून टाकली आणि उठायला गेली तर रजई बरोबर उठली. पॉलिक्लिनिकच्या डॉक्टरांनी बोटं नाचवून डोळे तपासले आणि सांगितलं, नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते. ती सुजली की असं होतं. डोक्याचा चुंबकाचा फोटो काढा.

चुंबक म्हटल्यावर खोलाच्या तोंडचं पाणी पळालं.

"जर्दाळू वाळवायचेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "जावई यायचाय." मग, "डोकं आता दुखत नाही." शेवटी म्हणाली, "त्या यंत्राने म्हणे आठवणी पुसल्या जातात."

"पुसू देत," तुर्गुनबॉय म्हणाला. "माझ्या दोन-चार चुका तेवढ्या तुझ्या डोक्यातून गेल्या तर फुकटात फायदा."

खोलाला रात्रंदिवस एकच घोर. डोक्यात गाठ निघाली तर माणसं येतील, रडतील, सूप करून पाजतील. पण दात पोलादाचे निघाले तर? आपल्या आईचं कडं कुठं गेलं, असं या माणसाने विचारलं तर काय तोंड दाखवायचं? आणि तोंड दाखवलं की दात दिसणारच.

तपासणी केंद्रात शोईरा नावाची तरुण डॉक्टर होती, बोलायला गोड आणि नजरेने जकात नाक्यावरच्या शिपायासारखी. "अंगावरचं सगळं लोखंड इथे ठेवा, खोला."

खोलाने कानातले काढले. मग दृष्ट लागू नये म्हणून गळपट्टीच्या आत टोचलेली सेफ्टी पिन काढली. मग पहिल्या पिनेलाच दृष्ट लागली तर, म्हणून टोचलेली दुसरी. मग रुमालातली सुई, वेणीतले आकडे, कमरेची साखरेच्या कपाटाची किल्ली.

"साखरेला कुलूप?" शोईराने विचारलं.

"घरात एक म्हातारा आहे," खोला म्हणाली. "त्याला मधुमेह आहे आणि अक्कल नाही."

म्हातारा दारातच उभा होता. त्याला घालवून शोईराच्या कानात खरं काय ते सांगावं, म्हणून खोलाने त्याला पाणी आणायला पाठवलं, तर त्याने दारातूनच ओरडून पाणी मागवलं.

"शरीरात काही धातू? सळई, पट्टी, दात?"

"दात!" तुर्गुनबॉय गरजला. "पण सोन्याचे! शुद्ध! सोन्याला चुंबक हात लावत नाही, मी फिटर आहे, मला सांगू नका."

"मग हरकत नाही," शोईरा म्हणाली आणि खोलाला त्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं.

आत ठोकाठोकी सुरू झाली. कुणी कारखाना परत चालू केला असावा, तशी. आणि मग खोलाला ते जाणवलं. समोरचे दात हलकेच ओढ घेत होते. फार नाही, खोडकर नातवाने रुमाल ओढावा तेवढी. तिने डोळे मिटून ओठ घट्ट आवळले आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ म्हणून टाकल्या. एक प्रवासाला निघतानाचीसुद्धा म्हटली.

बाहेर आली तेव्हा तुर्गुनबॉय पडद्यासमोर पांढराफटक होऊन उभा होता. पडद्यावर खोलाचं डोकं होतं, मागची बाजू सुरेख, घडीघडीची. पुढे मात्र नाक, डोळे, कपाळाचा तळ, सगळं एका काळ्या खड्ड्यात गेलेलं.

"मेंदू..." तो पुटपुटला. एवढ्या आयुष्यात त्याचा आवाज इतका बारीक खोलाने ऐकला नव्हता. "हिचा अर्धा मेंदू कुठाय?"

"आहे हो अका, जागेवर आहे," शोईरा म्हणाली. अका म्हणजे थोरला भाऊ. "दातांमुळे दिसत नाही. सोन्याने असं होत नाही, असा काळा डाग पोलादाने पडतो. नेमकी आपल्याला बघायची जागाच झाकली गेलीय. दातांच्या टोप्या उतरवून आणा, मग पुन्हा फोटो काढू."

तुर्गुनबॉयचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या खवळला. बायकोचा मेंदू सलामत होता, पण आईचं कडं गेलं होतं. ते कुणाच्या हातात दिलं होतं? अब्दुवालीच्या. हिशेब सोपा होता. "चोर!" तो टॅक्सीत ओरडला. टॅक्सीवाल्याने घाबरून वेग कमी केला.

"दादासी, जरा ऐका तर—"

"तू बोलू नकोस! तुझं डोकं दुखतंय. माझ्या आईचं कडं खाऊन तो इतकी वर्षं माझा चहा पीत बसला!"

आणि दोस्तांची महिन्याची बैठक नेमकी त्याच दुपारी, त्यांच्याच घरी. त्या दिवशी अंगणात पुलाव तुर्गुनबॉयने स्वतः केला, पण कढईत डाव असा आपटत होता की गाजरं दचकावीत. खोला दोनदा जवळ गेली. "पाहुणा आहे हो तो. घरी आलेल्या माणसाला—" दोन्ही वेळा त्याने तिच्या हातात कांदे दिले.

दोस्त आले. पांढऱ्या दाढ्या, चौकोनी टोप्या, गुडघ्यांची कुरकुर. अब्दुवाली सगळ्यात शेवटी आला, सवयीने दाराजवळच्या गादीवर बसला. खोला ओसरीवर भाकरी मोडत होती. खिडकी उघडी होती.

"अब्दुवाली," तुर्गुनबॉयचा आवाज आला, "माझ्या बायकोच्या तोंडात तू काय बसवलंस?"

आत पेले खाली ठेवल्याचे आवाज झाले.

"चुंबकाने दाखवलं. पोलाद! माझ्या आईचं सोनं तू ढापलंस की नाही? बोल सगळ्यांसमोर!"

खोलाने भाकरी खाली ठेवली. आता अब्दुवाली सांगेल, तिला वाटलं, आणि सुटल्यासारखंही वाटलं. सांग बाबा, एकदाचं सांग.

चमचा पेल्यात फिरल्याचा आवाज आला. मग अब्दुवाली म्हणाला, "ढापलं."

खोला ओसरीवरून उठली.

"माफी माग म्हणशील तर मागतो," अब्दुवाली म्हणाला. गुडघे कुरकुरले, तो उठत होता. साऱ्या कोकंदचे दात त्या माणसाने बसवले होते, कुणाची काडी उचलली नव्हती. आणि आता एका भाकरीवरच्या शपथेपायी तो चोर म्हणून या घरातून निघाला होता.

पुरुषांच्या बैठकीत बायका जात नाहीत. खोला गेली. रुमालाचं टोक सोडून, कमरेवर हात ठेवून ती दारात उभी राहिली, त्यामुळे अब्दुवालीला बाहेर पडता येईना.

"बसा खाली, अब्दुवाली अका. मोठे आले चोर! आयुष्यभर खोटं बोलायला जमलं नाही आणि म्हातारपणी शिकताय?" मग नवऱ्याकडे वळली. "कडं मी विकलं. मीच यांना टोप्या काढायला लावल्या."

"तू?" तुर्गुनबॉय म्हणाला. "का?"

"त्या हिवाळ्यात कारखान्याने पगार कशात दिला होता?"

"साबणात," तुर्गुनबॉय म्हणाला, आणि संताप असूनही त्याची छाती जराशी फुगली. कारण तो किस्सा सगळ्या बैठकीला पाठ होता: लोक उपाशी होते, पण तुर्गुनबॉयने साबणाची खोकी बायकोबरोबर बाजारात धाडली आणि पिठाची पोती घरी आली. चार पोरं, म्हातारे वडील, कुणी एक दिवस उपाशी झोपलं नाही. फिटरचं डोकं!

"माळ्यावर चढा," खोला म्हणाली. "जुन्या पाळण्याच्या मागे."

तो चढला. वरून खोकी सरकवल्याचा आवाज आला. उतरला तेव्हा टोपीवर कोळिष्टकं होती आणि हातात तपकिरी, दगडासारखी एक साबणाची वडी.

"सगळा आहे वर," तो म्हणाला.

"मग कोण घेणार होतं? निम्मं कोकंद तोच साबण घेऊन बाजारात बसलं होतं. तुम्ही घरी येऊन रोज विचारायचात, साबण खपला का. चेहरा कसा झाला होता तुमचा! खपला म्हटलं, तर त्या दिवसापासून तुम्ही पुन्हा जेवायला लागलात." तिने रुमालाचं टोक उचललं आणि पुन्हा सोडून दिलं. "सासूबाईंचं कडं चोरीला नाही गेलं. आपण खाल्लं. तुम्ही, मी, पोरांनी, सासऱ्यांनी. मार्चपर्यंत पुरलं."

तुर्गुनबॉय उठला. कोपऱ्यातली पाण्याची सुरई आणि तस्त उचललं. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम घरातल्या सगळ्यात लहान माणसाचं असतं. घरातला हा सगळ्यात मोठा माणूस अब्दुवालीपुढे वाकला, त्याच्या हातात ती साबणाची वडी दिली आणि पाणी घालू लागला.

अब्दुवालीने साबण चोळला. खूप चोळला.

"तुर्गुनबॉय," तो शेवटी म्हणाला, "याला फेस येत नाही रे."

"साबणच तसला होता," तुर्गुनबॉय म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. पुलाव खाली लागला होता, पण त्या दिवशी करपलेलाच सगळ्यांना आवडला.

दुसऱ्या दिवशी अब्दुवालीने टोप्या उतरवल्या. खाली सहा बुटके खुंट राहिले. दुसऱ्यांदा खोला बोगद्यात गेली तेव्हा काही ओढलं नाही. दुआसुद्धा तिने एकच म्हटली. पडद्यावर तिचं डोकं पुढून मागून लख्ख दिसलं.

"काही नाही," शोईरा म्हणाली. "वाटाणा वाटाण्याएवढाच आहे. मेंदू वयाच्या मानाने छान. कडेचं दिसत नाही ते डोळ्यांच्या दाबामुळे असेल, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा, थेंब देतील. आणि डोकेदुखी... खोला, तुम्ही जबडा आवळून धरता का?"

"धरायचे," खोला म्हणाली.

आता तुर्गुनबॉय चहाच्या दुकानात त्या फोटोची फिल्म घेऊन जातो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, हे बघा, हा माझ्या बायकोचा मेंदू, काही कमी नाही. लोक बघतात. दात दिसत नाहीत असं कुणी म्हटलं, तर तो साबणाचा किस्सा सांगतो, पण आता खरा. जो ऐकेल त्याला एक वडी भेट मिळते. माळा अजून अर्धा भरलेला आहे.

खोला तोंड उघडं टाकून हसते. खुंट दिसतात, पण रुमाल जागेवर असतो. परवा ती रजईसाठी सुईत दोरा ओवत असताना तुर्गुनबॉय तिच्याजवळ येऊन बसला, घसा खाकरला आणि भोंगा शक्य तितका हळू करून म्हणाला, "ओयिसी, यंदाची सगळी कमाई एकत्र करून तुला पुन्हा सोन्याचे बसवू या."

खोलाने दोरा दातांनी तोडून पाहिला, जमलं नाही, तेव्हा त्याच्यापुढे धरला. त्याने तोडून दिला.

"नको, दादासी," ती म्हणाली. "पुन्हा भूक लागली तर तुम्ही खाल."