दांडी किनारा, एकतीस टक्के

रविवार, सकाळचे अकरा वाजून चाळीस मिनिटे. मालवणच्या दांडी किनाऱ्यावर माडाच्या झापांच्या मांडवात नम्रता खवणेकर पाण्याखालचे व्हिडिओ कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर उतरवून घेत आहे. स्कूबा करून आलेले पर्यटक ओल्या अंगाने समोर उभे राहतात, माशांच्या गर्दीत स्वतःला शोधतात. नम्रता नको तो भाग कापते आणि ज्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर पाठवते. मांडवात वीज नाही. सगळे काम बॅटरीवर.

पंधरवड्यापूर्वी पडद्यावर एकतीस टक्के दिसत असतानाच लॅपटॉप बंद पडला. सांगलीचे एक कुटुंब व्हिडिओ न घेता परतले. होडीचा मालक लवू तेव्हा एवढेच म्हणाला, "परत असा झाला तर काम दुसऱ्याक देतलंय." नम्रताच्या घरात सध्या हे एकच खात्रीचे काम आहे.

बिघाडाचे कारण घरातच निघाले. तिचे सासरे दाजी यांची हयात मासेमारीत गेली. होडीवरचा वायरलेस खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून ते तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवत. सुनेचा लॅपटॉपही त्यांनी तसाच जपला. रात्रभर चार्जिंग चालू आणि वरून दोन पिशव्या, सुतळीने घट्ट. नम्रतालाही त्यात वावगे वाटले नाही. खारा वारा काय करतो हे इथे शिकवावे लागत नाही. पण पिशवीत उष्णता कोंडत गेली आणि बॅटरी खराब झाली. टचपॅड वर उचलला गेला, झाकण मिटेना, तरी तिने काही दिवस तसेच चालवले. कुडाळच्या दुरुस्तीवाल्याने फुगलेली बॅटरी काढून नवी बसवली. चार्जिंग होताना लॅपटॉप उघड्यावर ठेवा, रात्री ऐंशी टक्क्यांवर थांबेल अशी मर्यादा लावा आणि उरलेले निघण्याआधी भरा, असे त्याने सांगितले.

पिशव्या सोडायला दाजी तयार झाले. ऐंशीचे मात्र त्यांना पटेना.

"टाकी अर्धी ठेवून होडी कोण काढता गो?"

"बाबानू, ही डिझेलची टाकी नाय. रातभर काठोकाठ ठेवली तर लवकर म्हातारी होता."

"मगे माझ्यासारखीच," दाजी म्हणाले आणि जाळे विणायला बसले.

आता पडद्यावर बत्तीस. समोर इचलकरंजीचे पाच जण. त्यांना कुडाळहून रेल्वे गाठायची आहे. रिक्षा रस्त्यावर उभी आहे. नम्रताने पडद्याचा उजेड कमी केला, उघडलेले बाकीचे सगळे बंद केले. लवू मागे येऊन उभा राहिला. तिच्या नजरेचा रोख त्याने ओळखला आणि विचारले, ती बॅटरी बघते आहे की देवाला कौल लावते आहे. नम्रताने पहिला व्हिडिओ पाठवायला लावला.

एकतीस. दोन व्हिडिओ गेले. तीस. तिसऱ्याला वेळ लागला, कारण त्या मुलीने मोबाइलमध्ये जागाच ठेवली नव्हती. तिने उभ्या उभ्या जुने फोटो पुसले. पाचवा व्हिडिओ पोहोचला तेव्हा सव्वीस होते. पाचही जण रिक्षाकडे पळाले.

लवूने पुढच्या होडीचा कॅमेरा तिच्यासमोर ठेवला. "उद्यापण तूच बस," तो म्हणाला आणि पाण्याकडे गेला.

उद्या पहिली होडी साडेसातला सुटेल. त्याआधी साडेसहाला नम्रता ऐंशीची मर्यादा काढून बॅटरी पूर्ण भरायला लावेल.