हातातून गेलेली चव

मी शिकवत होते ती खासगी शाळा बंद पडली आणि मी कोंढ्याला, आमच्या गावी, घरी बसले. नवरा धानाची शेती बघायचा. त्याचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं. स्वतःचं काहीतरी सुरू करावं असं फार वाटायचं, पण काय ते सुचत नव्हतं. अशात मोबाईलवर एका कंपनीची जाहिरात दिसली. बालवाडीची फ्रँचायझी. नाव त्यांचं, पुस्तकं त्यांची, भिंतीवरची चित्रंसुद्धा त्यांचीच. जागा आणि मेहनत आपली. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला काहीच ठरवावं लागणार नाही. सगळं आम्ही ठरवलेलं आहे." खरं सांगायचं तर ते ऐकून मला हायसं वाटलं.

नवरा म्हणाला, "ज्यानं असा धंदा करून पाह्यला, त्याले एकदा विचारून घेऊ."

पवनीत त्याच्या ओळखीचे एक काका होते. बसस्टँडजवळ त्यांचं वीसेक वर्षं पोहे-तर्रीचं, म्हणजे पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा घालून द्यायचं, हॉटेल होतं. कॉलेजात असताना बसची वाट बघत मीही तिथे कितीदा खाल्लं होतं. पुढे त्याच जागेत त्यांनी एका मोठ्या नाश्ता कंपनीची फ्रँचायझी घेतली आणि काही वर्षांनी ती बंद केली, एवढंच आम्हाला माहीत होतं.

आम्ही दुपारी त्यांच्या घरी पोचलो. काकूंनी दार उघडलं. काका आत गॅसजवळ उभे होते. आम्हाला बघताच त्यांनी हात जोडले, मान किंचित वाकवली आणि स्वच्छ हिंदीत म्हणाले, "नमस्ते जी, स्वागत है. आज क्या लेंगे आप?"

मला गंमत वाटली, मी हसले. काकू हसल्या नाहीत. काकाच गोंधळून खुर्चीवर बसले.

"सवय लागली," ते म्हणाले. "कंपनीनं पाठ करून घेतलं होतं. दार वाजलं का तोंडातून निघते."

"फसवलं का काकाजी त्यांनी?" मी विचारलं.

"नाई वो बाई. लिहून दिलं तसेच वागले. मसाला त्यांच्या पाकिटातला, दुसरं काही शिजवायचं नाई. सहीच केली होती मी. जुने गिऱ्हाईक यायचे, म्हणायचे, काकाजी, आपली तर्री कुठं गेली? मी बोर्डाकडं बोट दाखवायचो. ते चालले जायचे. पहिले पहिले नवे लोक आले. मंग भंडारा रोडवर कंपनीनं तेच दुकान मोठं उघडलं, तं ते तिकडं गेले."

"मग आपलं जुनं हॉटेल परत नाही चालू केलं? मी कॉलेजात असताना कितीदा तुमची तर्री खाल्ली."

काकूच बोलल्या. "केलं ना. पहिल्या दिवशी पातेलं चढवलं, चाखली, अन् म्हणाले, हे नाई. तेव्हापासून रोज करून राहिले. मिरची बदलली, तेल बदललं, चणे अड्याळच्या बाजारातून आणून पाह्यले. रोज चाखते माणूस, अन् रोज फेकते. हॉटेल तसंच राह्यलं."

"कुठं लिहून नव्हती ठेवली?" मी विचारलं.

"हाताले माहीत होती," काका म्हणाले. "लिहायची कायले?"

त्यांनी उठून वाटीत थोडी तर्री आणली आणि माझ्या हातात दिली. "तुमी खाल्ली होती ना माझी? चाखा. अन् खरं सांगा."

मी चाखली. चांगली होती, लाल, झणझणीत. मी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मला पत्र्याचा बाक आठवला, एसटीच्या डिझेलचा वास आठवला, मैत्रिणीला ठसका लागला होता तेही आठवलं. चव आठवली नाही.

"हीच आहे काकाजी," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "सगळे हेच म्हणते," म्हणाले, आणि माझ्या हातातून वाटी काढून घेतली.

परतताना गोसीखुर्द धरणाच्या पाण्याकडेला गाडी थांबवून नवरा म्हणाला, "नको घेऊ तू हे."

"त्यांच्याजवळ हरवायले काहीतरी होतं," मी म्हटलं. "माझ्याजवळ काय आहे?"

त्याने गाडी सुरू केली. महिन्याभरात मी सही केली.

अड्याळला बालवाडी सुरू झाली आणि चांगली चालली. गोष्टी कंपनीकडून छापील कार्डांवर येतात. बाहेरची गोष्ट सांगायची नाही असा नियम आहे, आणि तो मोडावा असं मला कधी वाटलंही नाही. दुसऱ्या वर्षी मी बर्फातल्या अस्वलाचं कार्ड वाचत होते. समोरची एक चिमुरडी म्हणाली, "मॅडम, आमच्या बोडीतली गोष्ट सांगा ना."

बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा मातीचा बांध. माझ्या आईची त्यातल्या खेकड्याची एक गोष्ट होती. मी कार्ड खाली ठेवलं. "बोडीच्या पाळीत एक खेकडा राहायचा," मी सुरुवात केली, आणि थांबले. पुढे काय ते येईना. मुलं तोंड वर करून बघत होती. मी कार्ड उचललं आणि अस्वल पुढे वाचलं.

संध्याकाळी आईला फोन केला. "आई, त्या खेकड्याचं पुढं काय होते?"

आई म्हणाली, "मले कुठं आठवते आता? तुलेच तं पाठ होती. तूच सांगत फिरायची साऱ्याइले."

त्यानंतर काही दिवस मुलं गेल्यावर मी त्यांच्या बुटक्या खुर्चीवर बसून ती गोष्ट लिहायचा प्रयत्न केला. खेकडा पाण्यात जातो असं लिहिलं, मग खोडलं. तो धानाच्या बांधीत जातो असं लिहिलं, तेही खोडलं. दोन्ही गोष्टी वाईट नव्हत्या, पण त्या आईच्या नव्हत्या.

ती चिमुरडी आता पहिलीत गेली. तिने परत कधी विचारलं नाही.